एक गिटार, दोन मशिनी

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मी आणि माझा चुलतभाऊ खांडबाऱ्याहून एक गिटार, दोन ॲम्प्लिफायर आणि दोन बॉक्स टेम्पोत घालून महाविद्यालयात आलो, तेव्हा सभागृहाच्या दारात उभ्या असलेल्या मंडळींनी आमची यथेच्छ टिंगल केली. "एका गिटारीला दोन मशिनी? म्हणजे एका नवरदेवाला दोन घोडे!" असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता. परंतु हसून झाल्यावर आमच्या मशिनी टेम्पोतच राहिल्या. गिटारीची वायर भाड्याने आणलेल्या डीजेच्या मिक्सरमध्ये माईकच्या जागी गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी जे काही वाजवले ते पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांच्या छातीत धडधडले, पण कुणाच्या कानात शिरले नाही. कार्यक्रम संपल्यावर एका सरांनी मला अगदी आपुलकीने विचारले, "तू वाजवत होतास ते वाद्य कोणते रे?"

यंदा समितीच्या पहिल्याच बैठकीत "मागच्या वेळी आवाज कमी पडला, या वेळी मोठा डीजे आणू" असा सूर निघाल्याचे कानावर आले, म्हणून हा लेख. माझे मत असे आहे की मागच्या वेळी आवाज मुळीच कमी पडला नाही. कमी पडला तो नाद. आणि नाद वाढवावयाचा असेल तर मशीन मोठी करून भागत नाही. कधी कधी लहान मशिनी दोन लागतात, आणि त्या एकमेकींहून वेगळ्या असाव्या लागतात.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो, असे वाचक विचारतील. अधिकार फारसा नाही. फिजिक्सची आणि माझी दहावीनंतर फारकत झाली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. परंतु वाजवणाऱ्यांत मात्र मी तिसऱ्या पिढीचा आहे. आजोबा डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजवीत. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण एवढ्याच सामानाचे ते वाद्य. पण श्वास न तोडता ते वाजवताना एकच माणूस वाजवतो आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नसे. माझे काका बँजो वाजवीत. हा बँजो म्हणजे अमेरिकेतला गोल चामड्याचा बँजो नव्हे. जपानात नागोया येथे गोरो मोरिता याने १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा असलेले तारवाद्य केले, त्याला तिकडे ताइशोगोतो म्हणतात. तेच आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झाले, आणि मुंबई-कोकणात त्याला विजेचा पिकअप लागून मिरवणुकीचा ‘बँजो’ झाला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्या नावाचा हिंदी चित्रपटच काढला. आता आमच्या लग्नांत गाडीवर ऑर्गन असतो, पॅड असते, आणि आमच्या बँडमध्ये माझी एक गिटारही असते. दादा ऑर्गन वाजवतो. लग्नसराईतल्या त्या कमाईतून माझे महाविद्यालयाचे शुल्क आणि पुस्तके निघतात, हे इथे सांगून टाकलेले बरे; म्हणजे हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ हौसेचा नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

आमच्या दोन मशिनींपैकी एक व्हॉल्वची आहे. काकांनी ती एका लाउडस्पीकरवाल्याकडून जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली. चालू केल्यावर मिनिटभर तिच्या काचेच्या नळ्या तापाव्या लागतात, आणि आवाज जरा वर नेला की ती घोगरी होते. म्हातारा माणूस भरल्या गळ्याने बोलतो तशी. दुसरी ट्रान्झिस्टरची. तिचा आवाज धुतलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. पुष्कळ दिवस आमचे असे चाले की व्हॉल्वची बिघडली की नवी लावायची, आणि नवी दुसरीकडे भाड्याने गेली की जुनी. दोन्ही एकाच वेळी लावण्याची बुद्धी मला एका रिकाम्या दुपारी झाली, आणि ती केवळ योगायोगाने. एका जाड पिनीत दोन वायरी जोडलेली लीड हाती लागली, एवढेच.

पहिली तार छेडली तेव्हा काय झाले ते शब्दांत सांगणे कठीण आहे, तरी प्रयत्न करतो. घोगऱ्या मशिनीत सूर भरदार होतो, पण त्याचा आरंभ पुसट होतो. कोणत्या क्षणी बोट तारेवर पडले ते कळत नाही. स्वच्छ मशिनीत आरंभ लख्ख दिसतो, पण मागे काही उरत नाही. दोन्ही एकत्र वाजल्यावर एकीने आरंभ दिला आणि दुसरीने अंग दिले. माझ्या त्याच गिटारीचा, माझ्या त्याच बोटांचा आवाज; पण पहिल्यांदाच मला तो वाद्याचा आवाज वाटला. नंतर प्रयोग करून एक गोष्ट उमगली. दुसरी मशीन पहिलीच्या बरोबरीने वाजवू नये. ती इतकीच वर न्यावी की चालू असताना तिची वेगळी जाणीव होऊ नये, पण बंद केली की "काहीतरी गेले" असे वाटावे.

मला वाटले होते की ही युक्ती जगात मलाच सुचली. तसे काही नव्हते. वाचू लागल्यावर कळले की अमेरिकेचा स्टीव्ही रे व्हॉन हा गिटारवादक एका वेळी अनेक वेगवेगळे ॲम्प्लिफायर लावून वाजवीत असे. जपानच्या रोलंड कंपनीने १९७५ मध्ये जेसी-१२० नावाचा ॲम्प्लिफायर काढला, त्यात तर एकाच पेटीत ६०-६० वॉटच्या दोन मशिनी आणि दोन स्पीकर आहेत. कोरसचा खटका दाबला की एका बाजूने सरळ सूर निघतो आणि दुसऱ्या बाजूने तोच सूर किंचित हेलकावत निघतो. त्यांचे मिश्रण पेटीच्या आत होत नाही. ते बाहेर हवेत, ऐकणाऱ्याच्या कानाशी होते. ही गोष्ट मला फार आवडली. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला, तो अमेरिकेच्या फेंडर बासमनच्या नकाशावरून. सर्किट जवळजवळ तेच. पण सुटे भाग पुष्कळसे इंग्लंडात मिळणारे, आणि उघड्या पाठीच्या पेटीतल्या चार १० इंची स्पीकरांच्या जागी बंद पेटीत चार १२ इंची. आवाज असा बदलला की आज त्या दोन आवाजांना दोन घराणी मानतात. म्हणजे ज्याला आपण ‘मशीनचा आवाज’ म्हणतो त्यात नळ्या, स्पीकर आणि पेटी या सगळ्यांचा वाटा असतो. निव्वळ वॉटचा आकडा त्यातले काहीच सांगत नाही.

आणि आपल्याकडे तरी हे नवे कुठे आहे? शास्त्रीय गायनाच्या मैफलीत गायकाच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे असतात. एकाने भागले असते. दोन्ही एकाच सुरात लावलेले, तरी दोघांची जवारी तंतोतंत सारखी नसते, आणि त्या किंचित फरकामुळेच मागे जो नाद भरून राहतो तो एका तंबोऱ्याचा आवाज दुप्पट करून मिळत नाही. तिथे कुणी दोन घोड्यांचा विनोद करीत नाही!

आता वॉटविषयी. आपल्या मंडळींचा असा दृढ समज आहे की ३० वॉटच्या जागी ६० वॉटची मशीन आणली की आवाज दुप्पट. प्रत्यक्षात दुप्पट वॉटने आवाज वाढतो तो अवघा ३ डेसिबल. नीट लक्ष दिले तर जाणवेल इतकाच. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. त्या दहापटीचे पैसे, त्या दहापटीचा जनरेटर, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या झोपेचे काय, ते निराळेच. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. आमच्या दोन मशिनीही लग्नात ती पाळतात असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्या दिशेने आपण निघालो आहोत त्या दिशेला गाणे नाही, हे खास.

भोंग्याबद्दलही सांगावयास हवे. गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ८२ कंपने होतात. साधा लोखंडी भोंगा इतका खालचा सूर काढूच शकत नाही. तो माणसाच्या बोलण्यासाठी केलेला. डीजेच्या मोठ्या बॉक्सांत खालचे भरपूर आणि वरचे कर्कश, पण मधला भाग, जिथे गिटार राहते, तो बहुधा दाबलेला असतो. त्यात माईकच्या छिद्रात गिटार खुपसली की तिचा वरचा चकाकता सूर तिथेच मरतो, कारण गिटारीच्या पिकअपला त्या जागेचा भार सोसत नाही. सरांना वाद्य ओळखू आले नाही, यात सरांची चूक नव्हती.

दोन मशिनी जोडण्यात नुसता आनंदच आहे असे मात्र नाही. पहिल्याच लग्नात आम्ही दोन्ही बॉक्स लावले आणि आवाज एका मशिनीहून पातळ झाला! खालचे सूर जणू कुणी चोरून नेले. दादा माझ्याकडे असा पाहत होता की मी ते जन्मभर विसरणार नाही. कारण अगदी साधे निघाले. एका बॉक्सच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एका स्पीकरचा पडदा पुढे येई त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जाई. पाळण्याला एकाने पुढे ढकलावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने मागे ओढावे, तसे. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी यावर जो उपाय दाखवला तो कोणालाही करता येईल. स्पीकर मशिनीपासून सोडवावा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर लावावा. पडदा पुढे आला तर सेलचे अधिक टोक जिथे टेकले तिथे लाल खूण करावी. दोन्ही बॉक्सांना अशी खूण केली की पुन्हा चूक होत नाही. कधी एखादी मशीनच आतून सूर उलटा करते. तेव्हा मुद्दाम एका बॉक्सच्या तारा उलटाव्या लागतात. शेवटी कान सांगेल ते खरे. तसेच दोन्ही बॉक्स शेजारी ठेवावेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटर मागे ठेवलेला बॉक्स सेकंदाच्या जवळजवळ नऊ हजारांश भागाने उशिरा बोलतो, आणि तेवढ्यानेही सूर पोकळ होतो.

दुसरी अडचण गुणगुणण्याची, आणि तिच्याविषयी मला सर्वांत जास्त लिहावयाचे आहे, कारण तीत माझा अपराध आहे.

दोन मशिनी एका गिटारीला जोडल्या की बॉक्समधून सतत "हूं" असा आवाज येऊ लागतो. तो आपल्या विजेचा, सेकंदाला ५० कंपनांचा आणि त्याच्या पटींचा. दोन्ही मशिनींना अर्थिंग असते, आणि गिटारीच्या वायरीवरच्या जाळीतून ती दोन अर्थिंगे पुन्हा एकमेकांना भेटतात. असा एक वेढा तयार होतो आणि त्यात वीज घुमत राहते. यावरचा गावठी उपाय सर्वांना ठाऊक आहे: एका मशिनीची तिसरी पिन कापून टाकावयाची. वेढा तुटतो, हूं बंद. मी ती पिन स्वतःच्या हाताने पक्कडीने कापली आणि मोठा कारागीर झाल्याच्या थाटात वावरलो.

ज्या मशिनीची पिन कापली ती जुनी व्हॉल्वची. तिच्या पत्र्यात आतून थोडी वीज झिरपत होती, हे कोणालाच माहीत नव्हते. कारण जोवर गिटार दोन्ही मशिनींना जोडलेली होती, तोवर ती वीज गिटारीच्या वायरीतून दुसऱ्या मशिनीच्या अर्थिंगमध्ये निघून जात होती. एका हळदीच्या रात्री ऐन गाण्यात दुसऱ्या मशिनीकडची वायर खरखरू लागली. मी ती उपसली आणि दुसऱ्या हाताने तारा धरूनच माईककडे वाकलो. माईक त्या दुसऱ्या, अर्थिंगवाल्या मशिनीला होता. ओठ टेकला आणि पुढचे मला नीट आठवत नाही. दादा सांगतो की मी गिटारीसकट मागे पॅडवर पडलो. त्या झटक्याने हात सुटला म्हणून वाचलो. ओठावर डाग आहे तो त्याच रात्रीचा. वर्गमित्रांना आजवर मी निराळे कारण सांगत आलो होतो, त्याबद्दल क्षमा असावी.

लेस्ली हार्वे हा स्कॉटलंडचा गिटारवादक ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे भर कार्यक्रमात अशाच अर्थिंगच्या दोषाने माईकला हात लागून गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी कुणाचे नशीब बलवत्तर ठरले नाही.

त्या रात्रीनंतर आईने गिटार कोठीत टाकली आणि दादाने ठरवले की दोन मशिनींचे खूळ बंद. त्याचे म्हणणे असे की दोन्ही विकाव्यात, थोडे कर्ज काढावे आणि सरळ डीजेची गाडी करावी. सगळे तेच करीत आहेत, लोक तेच मागतात. त्याचे चूक आहे असे मी म्हणू शकत नाही. लोक खरोखरच तेच मागतात, आणि डीजेपुढे मीही नाचलो आहे. पण कर्ज फेडण्याची जबाबदारी ज्या घरावर येणार ते आमचे घर आहे, आणि डीजेच्या गाडीवर ऑर्गनवाला, पॅडवाला, गिटारवाला यांपैकी कुणाचीच गरज उरत नाही. एक पेन ड्राइव्ह पुरतो. आवाज मोठा होतो आणि वाजवणारी माणसे घरी बसतात. हा हिशेब दादा करीत नाही.

शिवाय दोष दोन मशिनींचा नव्हता. कापलेल्या पिनीचा होता. उपाय आहे आणि तो महागही नाही. तिसरी पिन दोन्हीकडे शाबूत ठेवावी, दोन्ही मशिनी एकाच बोर्डावरून चालवाव्यात, आणि गिटारीच्या दोन वाटांपैकी एका वाटेवर एक छोटा ट्रान्स्फॉर्मर बसवावा. त्यातून सूर पलीकडे जातो. पण तांब्याची तार तांब्याच्या तारेला कुठेच टेकत नसल्यामुळे वेढा पुरा होत नाही. हूं जाते, अर्थिंग राहते. दुरुस्तीवाल्या काकांनी ही डबी मला करून दिली, आणि गिटारीला दोन मशिनींचा भार पडू नये म्हणून तिच्या तोंडाशी एक लहानसे सर्किटही बसवून दिले. जुन्या मशिनीचा झिरपणारा भाग त्यांनी बदलला आणि पिन नवी लावली. पिन लावताना ते एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते.

आमच्या वर्गातल्या एका मित्राचा आक्षेप निराळा आहे. तो म्हणतो, आजकाल हाताएवढ्या डिजिटल पेटीत शेकडो ॲम्प्लिफायर भरलेले असतात, त्यातले कोणतेही दोन निवडून मिसळता येतात, मग हे ओझे कशाला? त्याचे म्हणणे खरे आहे. मी अशी पेटी ऐकली आहे, आवाज उत्तम येतो, आणि ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर घ्यावी. परंतु ती पेटी शेवटी ज्या स्पीकरला जोडली जाते तो एकच असेल आणि वाईट असेल, तर शेकडोंचा उपयोग काय? आणि आमच्याजवळ दोन मशिनी आहेतच. त्या भंगार नाहीत. त्यांना भंगार म्हणणाऱ्यांनी एकदा त्या ऐकाव्यात, एवढेच माझे मागणे.

तेव्हा समितीला विनंती आहे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात महाविद्यालयाच्या मालकीच्या दोन मध्यम मशिनी येऊ शकतात, हे मी दुकानात विचारूनच लिहीत आहे. त्या वर्षभर इथेच राहतील, आणि ज्या मुलामुलींच्या घरी ढोल, पावरी, बँजो, ऑर्गन आहे त्यांना त्यांवर सराव करता येईल. हे लगेच मान्य व्हावे असे मी म्हणत नाही. दिवाळीच्या सुटीत मी दादाला पाठमोरा बसवून गिटार तीन प्रकारांनी ऐकवणार आहे: नुसती जुनी, नुसती नवी, आणि दोन्ही मिळून. कोणती कुठली ते सांगणार नाही. त्याने जी पसंत केली त्यावर आमच्या मशिनींचे भवितव्य ठरेल, असे आमचे बोलणे झाले आहे. आईही ऐकायला बसणार आहे, पण तिची अट अशी की आधी काकांनी येऊन पिन तपासावी.

तसाच अर्धा तास समितीने आम्हाला रिकाम्या सभागृहात द्यावा, आणि परीक्षक म्हणून त्या सरांनाच बसवावे. तीन पिनांचा एक चालू सॉकेट तेवढा हवा. व्यासपीठाजवळच्या सॉकेटची अर्थिंगची तार निघालेली आहे, ती आधी दुरुस्त करून घ्यावी. बाकी सामान आम्ही घेऊन येऊ. टेम्पोचे भाडे या वेळी समितीने द्यावे.